होडी एक, डब्या सतरा

आमच्या मेडिकलच्या काउंटरखाली, ओआरएसच्या खोक्यांमागे, चपलांचा एक रिकामा खोका आहे. त्यात सतरा डब्या आहेत. लघवीच्या नमुन्यासाठी देतात ना, त्या पांढऱ्या झाकणाच्या, तसल्याच. (नव्या कोऱ्या. उगाच शंका नको.) प्रत्येक डबीच्या तळाशी वाळलेली इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं चिकट रसायन) आहे आणि बाहेर मार्करने तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता आणि प्रमाण लिहिलंय. काही डब्या काचेसारख्या स्वच्छ, काही पिवळट, एक फसफसून पोळ्यासारखी झालेली. आणि २३ जुलैची एक अशी, की तिच्यात आजही नख रुततं.

धंद्याने मी फार्मासिस्ट. वेंगुर्ल्यात दुकान. होड्या बनवण्याचा नाद चाळिशी उलटल्यावर लागला, आणि तोही ठरवून नाही. नवाबागेच्या माझ्या मामांनी त्यांची जुनी लाकडी होडी मोडीत काढली. बावीस फुटांची, आंब्याच्या फळ्यांची. नवी आली ती फायबरची. जुनी दोन पावसाळे माडाखाली पालथी पडून होती, मग एक दिवस तिच्या फळ्या न्हाणीच्या चुलीत जाताना दिसल्या. मामा काही बोलले नाहीत. मीच घरून टेप आणली आणि उरलेल्या सांगाड्याची मापं वहीत उतरवली. एकास दहा धरलं तर सदुसष्ट सेंटिमीटर लांबी येत होती. शोकेसमध्ये ठेवायची नाही, पाण्यात चालवायची, असं ठरलं. मुलाने लगेच मोटर आणि रिमोट जाहीर करून टाकला.

लाकूड घेतलं पांगाऱ्याचं. सावंतवाडीची लाकडी फळं ज्याची करत आले तेच. हलकं, मऊ, धारदार सुरीनेही कापता येतं. त्याच्या दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायच्या आणि प्लायवुडच्या बरगड्यांवर एकेक चिकटवत जायचं. पांगारा पाणी मात्र पितो, आणि पोटभर पितो. म्हणून बाहेरून काचेच्या कापडाचा पातळ थर आणि त्यावर इपॉक्सी, इतपत मला ठाऊक होतं. बाकी सगळं अज्ञान. 'इपॉक्सी' हे एका वस्तूचं नाव आहे अशी माझी समजूत होती. गिऱ्हाइकाने "डोकेदुखीची गोळी द्या" म्हणावं तितपत तरी माझं मागणं स्पष्ट आहे असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी नुसतंच "गोळी द्या" म्हणत होते.

हार्डवेअरच्या दुकानात इपॉक्सी मागितली की दोन ट्यूबा पुढ्यात येतात. मी घेतली ती पाच मिनिटांत धरणारी. दोन्ही ट्यूबांतून सारखं सारखं पिळायचं, काडीने ढवळायचं, की चिकटलं. बरगड्या तिने चिकटवल्या, नाळ (होडीचं पुढचं टोक) चिकटवली, आणि पंख्याचा दांडा ज्या पितळी नळीतून होडीबाहेर येतो ती स्टर्न ट्यूबही तिनेच बसवली. मग एक लाकडी तुकडा आणि एक पितळी नळी तसंच चिकटवून पाण्याच्या बादलीत तीन रात्री ठेवलं, केवळ खात्री म्हणून. चौथ्या सकाळी नळी हलली. कडेला नख लावलं तर ती जागा साबणाच्या ओल्या वडीसारखी लागत होती. कोरडा ठेवलेला जोड मात्र दगडासारखा होता.

इपॉक्सीच्या दोन भागांपैकी एक रेझिन, दुसरा त्याला घट्ट करणारा हार्डनर. पाच मिनिटांच्या बहुतेक इपॉक्सीत हा हार्डनर मरकॅप्टन जातीचा असतो. झाकण उघडल्यावर तो जो कुजकट, गंधकाचा वास येतो तो त्याचाच. तो भराभर धरतो, पण पाण्यात राहिला की मऊ पडत जातो आणि उष्णताही फारशी सोसत नाही. मोटर तापणार, दांडा फिरून नळी तापणार, वर बाहेरून पाणी. तिथे हा जोड टिकायचा नव्हताच. अजूनही ती ट्यूब माझ्याकडे असते. पट्ट्या तात्पुरत्या धरून ठेवायला तिच्यासारखं काही नाही. पाण्याच्या रेषेखाली मात्र ती कधीच लावत नाही.

मे महिन्यात मामांच्या ओळखीने खाडीकाठच्या एका फायबरच्या शेडमध्ये गेले. तिथल्या कामगारांशी माझी जुनी ओळख, कारण काच घासून हाताला खाज सुटली की मलमासाठी ते माझ्याच दुकानात येतात. त्यांनी प्रेमाने अर्धा लिटर गुलाबी रेझिन, चिमूटभर बाटलीत हार्डनर आणि मॅटचा, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईचा, एक तुकडा दिला. पैसे घेतले नाहीत. वर सल्लाही दिला, "वाईच हार्डनर वाढवा मॅडम, झटक्यात सुकतला." हा सल्ला मी डोक्यात जपून ठेवला. तोच मला पुढे दोन महिन्यांनी नडला.

हे रेझिन इपॉक्सी नव्हतंच. ते पॉलिस्टर. आपल्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्या याच्याच असतात आणि त्या कामाला ते उत्तम आहे, स्वस्तही आहे. पण त्यात स्टायरीन नावाचं उग्र वासाचं द्रव असतं. घरच्या पडवीत मी काम केलं आणि संध्याकाळी शेजारच्या काकू गॅस गळतोय का बघायला आल्या. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. होडीच्या नाळेत बुडू नये म्हणून थर्मोकोलचा एक ठोकळा बसवला होता, त्याला हे रेझिन लागलं आणि ठोकळ्याच्या जागी एक पोकळी उरली. स्टायरीन थर्मोकोल विरघळवतं. इपॉक्सी विरघळवत नाही. हा एक फरक माहीत असता तर निदान नाळ पुन्हा उघडावी लागली नसती.

वजनाचा हिशेब तर मी केलाच नव्हता. होडीचं बाहेरचं अंग मोजलं तर साधारण ०.२ चौरस मीटर. शेडमधली मॅट ४५० ग्रॅमची, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम. होडीला लागणार ९० ग्रॅम मॅट, आणि ती आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त रेझिन पिते. झाले तीनशे ग्रॅम. माझी आख्खी लाकडी होडी २२० ग्रॅमची! हेच ५० ग्रॅमचं विणलेलं काचेचं कापड घेतलं तर कापड १० ग्रॅम, त्यात मुरणारी इपॉक्सी तेवढीच, आणि लाकूड पिईल ती आणखी वीसेक. चाळीस ग्रॅममध्ये काम होतं. मॅट आणून ती इपॉक्सीने भिजवू, असाही विचार मनात आला होता. पण मॅटमधले काचेचे तुकडे ज्या चिकट द्रव्याने एकमेकांना धरून असतात ते स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी केलेलं असतं. इपॉक्सीत ते नीट सुटत नाही, मॅट ताठच राहते आणि वळणावर बसत नाही.

पंधरा दिवसांनी पॉलिस्टरचा थर कोपऱ्यातून उचकटून बघितला, तर ताटावरून आंब्याचं साठ सुटावं तसा आख्खा सुटून हातात आला. लाकडाला त्याने धरलंच नव्हतं. एका परीने बरं झालं, घासायचे कष्ट वाचले.

मधे भाचीच्या रेझिन आर्टच्या बाटल्यांचा एक प्रयोग झाला. कोस्टर आणि घड्याळं करायचं रेझिन. ते असतं खरंच इपॉक्सी, पण साच्यात ओतण्यासाठी केलेलं. पातळ, संथ, आडव्या पृष्ठभागावर सुंदर पसरणारं. होडीची बाजू उभी असते. रात्री लावलं, सकाळी सगळं खाली ओघळून पेपरावर थारोळं, आणि बाजूंवर उरलेला थर इतका पातळ की त्याला घट्ट होण्याइतकी स्वतःची ऊबच मिळाली नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मग मात्र शहाण्यासारखं बसले. भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या लॅबमध्ये लॅमिनेटसाठी, म्हणजे कापडाचे थर रेझिनने एकजीव करायला, एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हा हार्डनर वापरतात, वजनाने शंभरास दहा. "आत्या, तुला लॅमिनेटिंग इपॉक्सी हवी," असं त्याने एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य सुरुवातीलाच, फेब्रुवारीत, कुणी सांगितलं असतं तर! त्याने दाखवलेलं रेझिन मधासारखं दाट होतं. हलक्या ५० ग्रॅमच्या कापडाला आणि अननुभवी हाताला पातळ रेझिन सोपं जातं. शिवाय शंभरास दहा हे प्रमाण थोड्या मिश्रणात अवघड असतं. दहा ग्रॅम रेझिनला एक ग्रॅम हार्डनर, त्यात पाव ग्रॅमची चूक म्हणजे पंचवीस टक्क्यांची चूक. म्हणून मी पुण्याच्या एका दुकानातून शंभरास तीस प्रमाणाची पातळ लॅमिनेटिंग इपॉक्सी मागवली. सोबत हार्डनर कुठला, 'फास्ट' की 'स्लो', असं त्यांनी फोनवर विचारलं. बाहेर जुलैचा पाऊस धो धो कोसळत होता. अशा हवेत लवकर वाळलेलं बरं, असा साधा विचार करून मी फास्ट सांगितला. पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ त्या एका शब्दात नसलं तरी बरंचसं आहे.

२३ जुलै. दुपारची बंदची वेळ, २७ अंश, आर्द्रता ९२ टक्के. हे आकडे माझ्याकडे आयतेच असतात. औषधांसाठी दुकानात तापमान आणि आर्द्रतेचं यंत्र लावलेलं आहे आणि त्याची नोंद रोजची. मापाच्या बाबतीत तर मी जरा गर्वातच होते. जन्म गेला मिलिलिटर मोजण्यात. सिरिंज घेतली, ३० मिलि रेझिन, ९ मिलि हार्डनर. थेंबाची चूक नाही.

तिसऱ्या दिवशी होडीवर बोट ठेवलं तर ठसा उमटला. पाचव्या दिवशीही. हात लावला की चिक्कूचा चीक लागल्यासारखा हात धरायचा.

शंभरास तीस हे प्रमाण वजनाचं होतं. बाटलीवर लिहिलेलंही होतं, बारीक अक्षरात. रेझिन पाण्यापेक्षा जड, मिलिला साधारण १.१५ ग्रॅम. हार्डनर हलका, ०.९५ च्या आसपास. म्हणजे मी ३४.५ ग्रॅम रेझिनला साडेआठ ग्रॅम हार्डनर दिला होता. हवा होता १०.३५. जवळजवळ सहावा हिस्सा कमी. गिऱ्हाइकाला मी "चमचा म्हणजे कुठला चमचा, मापाचा घ्या" म्हणून रोज दटावते, आणि स्वतः हे केलं.

आता दुसरी चूक. हार्डनर कमी पडला ना, मग पुढच्या खेपेला थोडा जास्त घालू. शेडमधला सल्ला डोक्यात होताच. ३० ग्रॅमला नऊच्या जागी तेरा ग्रॅम घातला, ढवळला आणि डबी तशीच ठेवून कापड कापायला बसले. पाच-सात मिनिटांत मुलगा ओरडला, "आई, डबीतून धूर येतोय!" हात लावला तर चटका. डबी कडेने वाकली होती, आत पिवळा फेस फुगून कडक होत होता. चिमट्याने उचलून पावसात नेऊन ठेवली. पोळ्यासारखी म्हटली ती हीच. फळीवर आधी लावून पाहिलेला त्याच मिश्रणाचा थोडा भाग कडक न होता रबरासारखा राहिला.

इथे मला पॉलिस्टर आणि इपॉक्सीतला खरा फरक कळला, आणि तो आपल्याकडच्या माणसाला समजवायला सोपा आहे. पॉलिस्टरचा हार्डनर देवापुढच्या गाऱ्हाण्यासारखा. एकाने सुरुवात केली की बाकीचे सगळे आपोआप "व्हय महाराजा" म्हणत सामील होतात. सुरू करणारा थोडा मोठ्याने ओरडला तर काम लवकर आटपतं, एवढंच. इपॉक्सी ही फुगडी आहे. तिथे प्रत्येकीला हात धरायला जोडीदारीण लागते. रेझिन जास्त झालं तर काही रेझिन जोडीविना उभं राहतं, हार्डनर जास्त झाला तर काही हार्डनर. उभं राहिलेलं ते कायमचं ओलं. हार्डनर वाढवून इपॉक्सी लवकर वाळवता येत नाही. लवकर हवी असेल तर हार्डनरच दुसऱ्या जातीचा घ्यायचा. आणि या फुगडीत ऊब तयार होते. मिश्रण खोल डबीत एकगठ्ठा राहिलं की ऊब बाहेर पडत नाही, ऊब वाढली की फुगडीचा वेग वाढतो, वेग वाढला की आणखी ऊब. ढवळून झाल्याबरोबर ते उथळ ताटलीत पसरायचं, म्हणजे वेळ मिळतो. हल्ली मी औषधाच्या गोळ्या मोजायचा जुना स्टीलचा ट्रे त्यासाठी वापरते.

चिकट थर काढायला तीन संध्याकाळी गेल्या. हेअर ड्रायरने गरम करायचं, ब्लेडने खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं.

ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा. या वेळी सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा मागवला. वजनाने ३० आणि ९. थर दुसऱ्या दिवशी टणक झाला, टिचकी मारली तर खणखणीत. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी निळा रंग मारला, मामांच्या होडीचा होता तोच. चार दिवसांनी पांढरा पट्टा मारण्यासाठी चिकटपट्टी लावली आणि ती काढताना तिच्याबरोबर निळा रंगही पापुद्र्यासारखा निघून आला. खाली इपॉक्सी तशीच गुळगुळीत. त्यावर हात फिरवला तर तेलकट लागली, वडे तळल्यावर गॅसच्या ओट्यावर लागतो तशी.

मामा तेव्हा समोर बसलेले. मासेमारीवरची बंदी ३१ जुलैला संपली होती, पण नारळी पौर्णिमा व्हायची होती, म्हणून निवांत होते. म्हणाले, "पावसात लाकडाक रंग लावतत काय गो? आमी होडये वर काढून झापांनी झाकतंव, ता काय उगीच?"

त्या तेलकट सायीला 'ब्लश' म्हणतात. हार्डनरमध्ये अमाइन असतं. हवेत भरपूर ओल असली की पृष्ठभागावरचं अमाइन रेझिनशी जोडी लावण्याऐवजी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि पाण्याशी संधान बांधतं आणि त्याची मेणासारखी साय वर येते. सगळ्या इपॉक्सीला ती येत नाही, पण साध्या अमाइनच्या हार्डनरला पावसाळी हवेत हमखास. मी दुकानातली लघवी तपासायची पट्टी आणली. थरावर पाण्याचे दोन थेंब टाकून पीएचचा चौकोन त्यात बुडवला. नुसत्या पाण्यात तो पिवळट-हिरवा राहत होता, थरावरच्या पाण्यात गडद हिरवट-निळा झाला. अमाइन अल्कधर्मी असतं, त्याची ती चुगली. डबीवर मी मोठ्या अक्षरात 'साय' लिहिलं.

काढायला सोपी आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. मी आधी पॉलिश पेपर घेतला आणि पंधरा मिनिटांत पेपर चोंदून गेला, साय आणखीच सगळीकडे सारवली गेली. आधी साधं पाणी आणि भांड्यांची हिरवी घासणी. ही साय पाण्यात विरघळते. स्वच्छ फडक्याने पुसायचं आणि मगच पेपर मारायचा. थिनरने पुसलं तर ती नुसती इकडून तिकडे जाते.

गणपती झाले, दसरा झाला. मी काम थांबवलं आणि पुण्याच्या त्या दुकानदाराशी पुन्हा बोलले. या वेळी रेझिन कुठलं चांगलं हे विचारलंच नाही. रेझिन सगळ्यांचं थोड्याफार फरकाने एकाच कुळातलं असतं. विचारायचं ते हार्डनरबद्दल. ओल्या हवेत साय येते का? तीस अंशाला मिसळल्यावर किती मिनिटं हाताशी राहतो? आणि पूर्ण पिकल्यावर किती अंशाला मऊ पडतो? त्यांनी सायक्लोअ‍ॅलिफॅटिक अमाइनचा स्लो हार्डनर सुचवला. महाग, पण ओलीला कमी भुलणारा. तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. घरच्या तापमानाला पिकलेली बहुतेक इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास नरम पडू लागते, आणि गडद रंगाची वस्तू आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तेवढी सहज तापते. पुढच्या उन्हाळ्यात काळा रंग मारलेली एक नमुन्याची फळी अंगणात विसरले. संध्याकाळी तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर काचेच्या कापडाची वीण उठून दिसत होती. मामांची होडी निळी होती ते एका अर्थी नशीबच.

मधे रेझिनच्या बाटलीचाही एक घोळ. 'थंड जागी ठेवा' हे वाचून ती घरच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. काढली तेव्हा आत पांढरा रवाळ थर, थिजलेल्या तुपासारखा. फेकणारच होते. पण रेझिन खराब होत नाही, फक्त गोठतं. पन्नासेक अंशांच्या गरम पाण्यात तासभर बाटली उभी केली आणि अधूनमधून हलवली, की पुन्हा पारदर्शक झालं.

दिवाळीनंतरचा रविवार. संध्याकाळचे चार, ३१ अंश, आर्द्रता ५६. चारच का, तर लाकडात हवा असते. सकाळी काम सुरू केलं की दिवस तापत जातो, लाकूड तापतं, आतली हवा फुगून ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. दुपार उतरताना सुरू केलं तर उलट होतं, लाकूड गार होत जातं आणि रेझिन आत ओढून घेतं. पांगाऱ्यासारख्या भोकाभोकाच्या लाकडाला हे फार लागू पडतं.

२० ग्रॅम रेझिन, ६ ग्रॅम हार्डनर. घड्याळ लावून तीन मिनिटं ढवळलं, कडा आणि तळ खरवडत. मग सगळं दुसऱ्या डबीत ओतून पुन्हा एक मिनिट, कारण पहिल्या डबीच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतंच आणि ते नेमकं शेवटच्या फटकाऱ्यात होडीवर जातं. ट्रेमध्ये पसरलं. कापड आधीच कोरडं अंथरून ठेवलं होतं, पांढरंशुभ्र, हवेने थरथरणारं. कण्यापासून सुरुवात केली. जुनं एटीएम कार्ड घेऊन रेझिन मधून कडेकडे ओढत गेले. जिथे रेझिन पोचतं तिथे कापड आधी राखाडी होतं आणि मग नाहीसंच होतं. खालचं पांगाऱ्याचं लाकूड ओलं केल्यासारखं गडद होऊन वर येतं, त्याच्या रेषांसकट. कापड संपलं कुठे आणि लाकूड सुरू कुठे झालं हे सांगता येत नाही. कुठे चंदेरी ठिपका दिसला तर तिथे हवा, तिथे अजून एक थेंब. कुठे चकाकलं तर तिथे रेझिन जास्त, ते ओढून काढायचं. अंगभर मंद, साटीनसारखी झाक आली की थांबायचं. नाळेच्या टोकावर कापड वळेना, तिथे कात्रीने एक छेद दिला आणि दोन पदर एकमेकांवर बसवले. पाऊण तासात झालं. स्लो हार्डनरची ही चैन आहे, घाई नाही.

रात्री नऊला दुकान बंद करून आले तेव्हा थर नख लावल्यावर ठसा घेत होता, पण बोटाला लागत नव्हता. ही वेळ साधून दुसरा हात दिला तर दोन थर रसायनाने एकजीव होतात, मध्ये घासायची गरज राहत नाही. दुसरा हात तेव्हा, तिसरा मध्यरात्रीनंतर. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "पोरांच्या परीक्षेला तरी जागली होतीस का इतकी?"

स्टर्न ट्यूब दुसऱ्या दिवशी. पितळ खरखरीत पेपरने घासून, स्पिरिटने पुसून. इथे नुसती पातळ इपॉक्सी चालत नाही, वाहून जाते. तिला दाटपणा द्यावा लागतो. मी पांगाऱ्याचा भुसा चहाच्या गाळणीने चाळून घातला, आणि थोडी कोलॉइडल सिलिका, जी औषधाच्या गोळ्यांतही घालतात. आधी काकवी, मग आमरस, मग चक्का. चक्क्याइतकं घट्ट झालं, चमच्यावरून पडेना, की नळीभोवती कोपरा भरून बोटाने गोलाई द्यायची. हातमोजा घालून. हे मी माझ्या धंद्याच्या अधिकाराने सांगते. हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा लागली की आयुष्यभर सुटत नाही. पहिल्या दहा वेळा काही होत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, अकराव्या वेळी मनगटावर लाल चट्टे घेऊन येतात. मोजे नायट्रिलचे. हात बरबटला तर साबण आणि पाणी, थिनर नाही, कारण थिनर ते कातडीच्या आत पोचवायला मदत करतो.

वरून रंग आणि वॉर्निश लागतंच. उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, मग खडूसारखी भुकटी सुटते. या वेळी पाण्याने धुतली, पट्टी लावली, पट्टी पिवळट-हिरवी राहिली, तेव्हाच निळ्या रंगाचा डबा उघडला.

डिसेंबरमध्ये ओहोटीला नवाबागेच्या बाजूला खाडीत सोडली. मुलगा रिमोट कुणाला देईना. वीस मिनिटं चालली, एकदा उलटता उलटता वाचली. बाहेर काढून झाकण उघडलं. आत मी सगळीकडे टिश्यू पेपरचे तुकडे टाकून ठेवले होते. कोरडे. फक्त मागे स्टर्न ट्यूबच्या आतल्या तोंडाशी रुपयाएवढा ओला डाग. दांड्याभोवती ग्रीस कमी भरलं होतं.

मामांनी होडी हातात घेतली, उलटी केली, कण्यावरून अंगठा फिरवला. मग नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"वासच येणा नाय गो हेका," म्हणाले. "राळेचो नाय, तेलाचो नाय. कसलोच नाय."

घरी आल्यावर त्यांनी उंडीच्या तेलाची जुनी बाटली शोधून काढली आणि आतल्या फळीला, जिथे इपॉक्सी नव्हती तिथे, बोटाने एक थेंब लावला. त्या जागेवर आता कुठलीच इपॉक्सी चिकटणार नाही. मी काही बोलले नाही.